पऱ्हाटीतला धागा आणि सातूच्या मोडातले विकर : आन्सेल्म पायेन

जानेवारी उजाडला की नांदेड जिल्ह्यात कपाशीच्या शिवारात पऱ्हाट्या उपटण्याची घाई सुरू होते. काही जळणाला जातात, काही बांधावर रचल्या जातात आणि बऱ्याचशा तिथेच पेटवल्या जातात. लातूरकडे हीच गत सोयाबीनच्या भुसकटाची आणि तुराट्यांची, उसाच्या पट्ट्यात पाचटाची, अर्धापूर भागात घड काढून झालेल्या केळीच्या खोडांची. दिसायला या वस्तू वेगवेगळ्या, पण त्यांचा सांगाडा एकाच द्रव्याचा आहे. हे पहिल्यांदा दाखवून दिले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी, १८३८ साली. त्याआधी पाच वर्षे याच माणसाने जगातले पहिले विकर वेगळे काढले होते. विकर म्हणजे कृषी सेवा केंद्रात आपण ज्याला एन्झाइम म्हणून ओळखतो ते.

सध्या शेतातल्या तंतुमय काडीकचऱ्यापासून विकरांच्या मदतीने नॅनोसेल्युलोज तयार करण्याची चर्चा आहे. पऱ्हाटीला सोन्याचा भाव येणार, असेही काही ठिकाणी बोलले जाते. ही चर्चा नीट समजून घ्यायची तर पायेन यांच्या आयुष्यापासून सुरुवात करणे बरे, कारण तिच्यातले दोन्ही धागे त्यांच्या हातून निघाले आहेत.

कारखानदाराचा मुलगा

पायेन यांचा जन्म ६ जानेवारी १७९५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील मूळचे वकील. पुढे त्यांनी पॅरिसजवळच्या ग्रनेल येथे रसायनांचे कारखाने काढले. मुलाला विज्ञानाचे पहिले धडे वडिलांनी घरीच दिले. पुढे वोकलँ आणि शेव्हरल या त्या काळच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली ते शिकले.

विशीत पोचताच वडिलांनी त्यांच्याकडे टंकणखार, म्हणजे बोरॅक्स शुद्ध करण्याच्या कारखान्याचा कारभार दिला. त्या काळी युरोपात येणारा बराचसा टंकणखार तिबेटातल्या सरोवरांकाठचा असे. तो हिंदुस्थानमार्गे जहाजाने जाई आणि शुद्ध करून विकण्याचा धंदा डच व्यापाऱ्यांच्या मुठीत होता. भाव तेच ठरवत. पायेन यांनी इटलीत मिळणारे बोरिक आम्ल आणि सोडा एकत्र करून टंकणखार बनवण्याची रीत बसवली आणि माल पूर्वीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत विकायला काढला. डचांची मक्तेदारी मोडली. कपाशीत बोरॉनची कमतरता दिसली की आपण जो बोरॅक्स वापरतो, तोच हा पदार्थ.

त्यानंतर ते साखरेकडे वळले. फ्रान्समध्ये ऊस नाही, साखर बीटापासून करतात. बीटाचा रस काळपट असतो आणि रंग काढल्याशिवाय साखरेला गिऱ्हाईक नाही. जनावरांच्या हाडांचा कोळसा रसातला रंग कसा ओढून घेतो, याचा पायेन यांनी पद्धतशीर अभ्यास केला. १८२२ पर्यंत त्यांचे हे काम मान्यता पावले आणि साखर कारखान्यांत हाडांच्या कोळशाच्या गाळण्या रुळल्या. वापरून निरुपयोगी झालेला तो कोळसा पुढे शेतात खत म्हणून जाऊ लागला, कारण हाडांत स्फुरद भरपूर असते. आपल्याकडे कारखान्याच्या दारात प्रेसमडसाठी ट्रॅक्टरची रांग लागते, तसाच तो प्रकार. एका धंद्याचा टाकाऊ माल दुसऱ्या धंद्याचा कच्चा माल कसा होतो, हे पायेन यांनी तरुणपणीच पाहिले आणि ती नजर त्यांना शेवटपर्यंत राहिली.

मोड आलेल्या धान्यात काय असते

ज्वारीला किंवा नाचणीला मोड आणून ती चघळली तर गोड लागते. कोरडे धान्य तसे लागत नाही. दाण्यातल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर होते म्हणून ही गोडी येते. बीज उगवताना कोंबाला अन्न लागते आणि साठवलेला स्टार्च तसाच्या तसा त्याच्या उपयोगाचा नसतो. ही गोष्ट दारू गाळणाऱ्यांना पूर्वापार माहीत होती. ती घडवते कोण, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

१८३३ मध्ये पायेन आणि त्यांचे सहकारी झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूचा अर्क पाण्यात काढला, गाळला आणि त्यात अल्कोहोल घातले. तळाशी पांढरा गाळ बसला. तो वाळवून पुन्हा पाण्यात विरघळवला आणि स्टार्चच्या खळीत टाकला, तेव्हा खळ पातळ झाली आणि तिची साखर होऊ लागली. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २००० पट स्टार्च हा पदार्थ विरघळवतो, असे त्यांनी नोंदवले. अर्क उकळला की त्याची ताकद जायची. थोड्याशा द्रव्याने मोठे काम करणे आणि जास्त उष्णतेने निकामी होणे, हे विकरांचे दोन मुख्य गुण त्या पहिल्या प्रयोगातच दिसून आले.

या पदार्थाला त्यांनी डायस्टेस नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वेगळे करणे. स्टार्चच्या कणाचे टरफल हा पदार्थ आतल्या गाभ्यापासून सोडवतो, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत पुढे चुकीची ठरली, नाव मात्र टिकले. पचनाच्या औषधांच्या बाटलीवर आजही ते वाचायला मिळते. इतकेच काय, सेल्युलेज, झायलानेज, युरिएज अशा सगळ्या विकरांच्या नावांचा शेवट डायस्टेसच्याच शेवटावरून घेतलेला आहे.

लाकूड, कापूस आणि मुळाचे टोक

याच काळात पायेन वनस्पतींच्या पेशीभित्तिकेच्या मागे लागले होते. तेव्हाची समजूत अशी की ओकचे लाकूड वेगळ्या द्रव्याचे, कापूस वेगळ्या, पान वेगळ्या. पायेन यांनी कापूस, निरनिराळी लाकडे, मुळांची कोवळी टोके, फुलातली बीजांडे असे अनेक नमुने घेतले. प्रत्येकावर आम्ल, अमोनिया, पाणी, अल्कोहोल आणि ईथर यांची एकामागून एक प्रक्रिया केली आणि जे विरघळेल ते काढून टाकले. शेवटी दर वेळी सारखाच पांढरा तंतुमय पदार्थ हाती राहिला. त्यात कार्बन सुमारे ४४ टक्के आणि घटकांचे प्रमाण स्टार्चइतकेच. कोवळ्या भागातून तो सहज मिळे. जून लाकडातून मिळवायला जास्त आम्ल लागे, कारण तिथे त्याच्यावर दुसऱ्याच एका कठीण द्रव्याचा थर चढलेला असे. त्या थराला आज आपण लिग्निन म्हणतो. आतल्या पांढऱ्या द्रव्याला नाव मिळाले सेल्युलोज.

स्टार्च आणि सेल्युलोज यांचे घटक सारखे, तरी माणसाला ज्वारीची भाकरी पचते आणि कडबा पचत नाही. याचे उत्तर पायेन यांच्या हयातीत मिळाले नाही. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, फक्त कडी कडीला अडकवण्याची तऱ्हा निराळी आहे. स्टार्चच्या साखळ्या सैल, गुंडाळलेल्या असतात, पाणी आणि विकर आत शिरतात. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ असून एकमेकींना घट्ट चिकटून दोरखंडासारख्या बसतात. डायस्टेस ही कडी उघडू शकत नाही. त्यासाठी सेल्युलेज लागते आणि ते माणसाच्या पोटात नाही. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू ते तयार करतात, म्हणून तिला कडबा चालतो.

पायेन यांच्या निष्कर्षाला सगळ्यांनी लगेच मान डोलावली असे नाही. एदमाँ फ्रेमी या रसायनशास्त्रज्ञाने पुढे आग्रहाने मांडले की सेल्युलोज एक नसून अनेक प्रकारचे आहे. वाद बराच चालला. शेवटी पायेन यांची बाजू खरी ठरली.

शेतीचा प्राध्यापक

१८३५ च्या सुमारास पायेन यांनी कारखानदारीतून अंग काढून अध्यापनात लक्ष घातले. पॅरिसच्या अभियांत्रिकी विद्यालयात आणि नंतर कला-उद्योग संस्थेत ते औद्योगिक रसायनशास्त्र शिकवत. १८४२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले, तेही ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या विभागात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे काम याच काळातले. बुसँगो हे कृषी रसायनशास्त्रज्ञ आणि पायेन यांनी मिळून शेणखत, पेंड, रक्त, हाडे, पालापाचोळा अशा कितीतरी खतांतले नत्र मोजले आणि त्यांची तुलना मांडली. कोणत्या खताची किती गाडी दुसऱ्या कोणत्या खताच्या एका गाडीबरोबर, हे शेतकऱ्याला आकड्यांत सांगण्याचा हा सुरुवातीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक. केवळ नत्रावर खताची किंमत ठरवणे आज आपल्याला अपुरे वाटेल, कारण स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब त्यात धरलेले नाहीत. पण गाडी मोजण्याऐवजी गाडीत काय आहे ते मोजायचे, ही सवय तिथून लागली. बटाट्यावरच्या १८४५ च्या करप्याचाही त्यांनी अभ्यास केला.

१८७०–७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि त्यामागोमाग शहरात कम्युनचा उठाव झाला. पायेन तेव्हा पंचाहत्तरीचे होते. त्यांनी शहर सोडले नाही. मे १८७१ मध्ये, गोळीबार चालू असतानाच्या त्या दिवसांत, पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. अमेरिकन रासायनिक संस्थेच्या सेल्युलोज विभागाने १९६२ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आहे.

दोन धागे पुन्हा एकत्र

पायेन यांच्या हातात विकर होते आणि सेल्युलोजही होते, पण सेल्युलोज कापणारे विकर नव्हते. त्यावरचे मोठे काम सुरू व्हायला दुसरे महायुद्ध यावे लागले. पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजत होते. कारण शोधताना सॉलोमन बेटांवरून आणलेल्या नमुन्यात एक हिरवी बुरशी मिळाली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाने तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले, म्हणून पुढे तिला ट्रायकोडर्मा रीसेई हे नाव मिळाले. आपण बीजप्रक्रियेला वापरतो ती ट्रायकोडर्मा याच कुळातली, पण जात वेगळी आणि कामही वेगळे. सेल्युलेज तयार करण्याच्या कारखान्यांत आजही मुख्यतः या रीसेईचेच वंशज वाढवतात.

खरे तर विकरांकडून धागा सोडवून घेण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनाही माहीत होते. अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या पाण्यात बुडवून दगड ठेवायचे आणि काही दिवसांनी वाख सोलून काढायचा. पाण्यातले जिवाणू पेक्टिनेज नावाचे विकर सोडतात, ते धाग्यांमधला डिंक खाते आणि वाख सुटतो. दिवस कमी झाले तर वाख सुटत नाही, जास्त झाले तर वाखच कुजतो. नॅनोसेल्युलोज करणाऱ्या प्रयोगशाळेतली मुख्य अडचण नेमकी हीच आहे.

कापसाचा एक तंतू घेतला तर तो हजारो अतिसूक्ष्म तंतुकांचा जुडगा असतो. तंतुकात काही भाग घट्ट, स्फटिकासारखा असतो आणि मधेमधे सैल भाग असतो. सैल भाग कापून घट्ट भाग सुटे केले की नॅनोसेल्युलोज मिळते. त्याची जाडी काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर असते, आणि माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १९५० च्या आसपास स्वीडनमध्ये हे काम तीव्र गंधकाम्लाने करून दाखवले गेले. रीत खात्रीची, पण आम्ल धुऊन काढायला पाणी अफाट लागते आणि ते सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतो. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिथे असा कारखाना कोणी काढू म्हटले तर पहिला प्रश्न पाण्याचाच विचारावा. १९८० च्या दशकात अमेरिकेत दुसरी रीत निघाली. तीत लगदा प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून पुन्हा पुन्हा ढकलतात. यात आम्ल नाही, पण वीज फार खाते. तिसरी रीत विकरांची. आधी थोडे सेल्युलेज घालून सैल भाग कातरून घ्यायचे, मग यंत्रात टाकायचे. वीज वाचते, यंत्र तुंबत नाही. विकर जास्त वेळ ठेवले तर मात्र सेल्युलोजची साखर होऊन माल हातचा जातो. अंबाडीच्या वाखासारखेच.

महाराष्ट्रात या विषयाचे घर म्हणजे माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सिरकॉट. ती १९२४ मध्ये कापसाची प्रत तपासणारी प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी कापसाच्या तंतूंवर ट्रायकोडर्मा रीसेई वाढवून, नियंत्रित विघटनाने नॅनोसेल्युलोज मिळवल्याचे काम २०११ मध्ये प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला, क्षमता दिवसाला १० किलो. कच्चा माल प्रामुख्याने सरकीवरची आखूड लव, ज्याला जिनिंगवाले लिंटर म्हणतात. तयार माल कागद मजबूत करायला, वेष्टनाच्या पातळ पापुद्र्यात, प्लास्टिक आणि सिमेंटच्या मिश्रणात, रंगात वापरता येतो.

मग पऱ्हाटीचे काय

लिंटरपासून सुरुवात का केली, याचे उत्तर पायेन यांच्या प्रयोगातच आहे. कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असते. पऱ्हाटी हे लाकूड आहे, तिच्यात साधारण पाव हिस्सा लिग्निन असते आणि आधी ते काढावे लागते. त्यासाठी अल्कली आणि विरंजक रसायने लागतात. म्हणजे विकरांची रीत म्हणून सगळी प्रक्रिया रसायनमुक्त, असे कोणी सांगत असेल तर ते अर्धेच खरे आहे. उसाच्या चिपाडात लिग्निन थोडे कमी, केळीच्या खोडाच्या धाग्यात आणखी कमी. अर्धापूरच्या केळीखोडाचा या कामासाठी पऱ्हाटीच्या आधी विचार व्हावा, असे मला वाटते. अडचण इतकीच की खोडात बहुतांश पाणी असते, म्हणून धागा गावातच काढला तरच वाहतूक परवडेल.

दिवसाला १० किलो आणि एका हेक्टरवरची दोन-तीन टन पऱ्हाटी, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आज कोणी नॅनोसेल्युलोजच्या नावाने गावात येऊन पऱ्हाटी खरेदीची आगाऊ नोंदणी किंवा अनामत मागत असेल तर पैसे देऊ नयेत. नॅनोसेल्युलोज घरी किंवा शेतात करण्याची वस्तू नाही. नॅनो नावाने मिळणाऱ्या खतांच्या बाटल्यांशीही तिचा काही संबंध नाही. पऱ्हाटीला आज खरोखर गिऱ्हाईक आहे ते कांडीकोळसा, पेलेट आणि पार्टिकल बोर्ड यांचे, तेही कारखाना जवळ असला तर. सौदा करताना ओलावा किती टक्के धरणार आणि तुकडे करण्याचा खर्च कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावे. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. पऱ्हाटी शेताबाहेर गेली की तिच्यातले नत्र आणि पालाशही जाते.

गिऱ्हाईक मिळो न मिळो, गुलाबी बोंडअळी असलेल्या शिवारात पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. न उमललेल्या किडक्या बोंडांत अळी आणि कोष तग धरून राहतात आणि पुढच्या हंगामात तिथूनच पसरतात. फरदड न घेता पीक वेळेत काढावे, किडकी बोंडे वेचून नष्ट करावीत, पऱ्हाटी श्रेडरने बारीक करावी.

बारीक केलेली पऱ्हाटी किंवा पाचट कुजवायला बुरशी आणि जिवाणूंची विकरेच कामाला लागतात. हे सूक्ष्मजीव वाढायला नत्र लागते आणि काडीत ते फार कमी असते. म्हणून उसाच्या प्रति टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. युरिया न घालता नुसते संवर्धक टाकून दोन महिने वाट पाहणारे शेतकरी दर वर्षी भेटतात आणि संवर्धकाला दोष देतात. पऱ्हाटीत लिग्निन जास्त असल्याने तिला पाचटापेक्षा जास्त दिवस लागतात, त्यामुळे तुकडे बोटाच्या पेरापेक्षा मोठे ठेवू नयेत आणि ढीग सुकू देऊ नये.

सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी घेतली तर हीच विकरे आपल्या पैशासाठी राबतात. अळिंबीची बुरशी लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही फोडते. तिची काढणी संपल्यावर उरलेले भुसकट मऊ पडलेले असते आणि गांडूळखताच्या वाफ्यात ते लवकर कुजते.